जिथे घाई हवी तिथे उशीर, जिथे थांबावे तिथे घाई
(प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचा सण : रविवारचे चिंतन)



आज आपण प्रभू येशूच्या बाप्तिस्म्याचा सण साजरा करीत आहोत. या सणाबरोबर नाताळचा काळ संपतो. काही दिवसांपूर्वी ज्या बाळाला आपण गोठ्यात पाहिले, तोच आज यार्देनच्या पाण्यात योहानापुढे उभा आहे. संत लूक सांगतो की आपल्या कार्याला आरंभ केला तेव्हा येशू सुमारे तीस वर्षांचा होता.

नेमके यावरूनच आपल्याला प्रश्न विचारले जातात. ‘येशूने तिसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला, मग तुम्ही कॅथोलिक लोक तान्ह्या बाळांना तो का देता? त्यांना काय कळते?’ आपल्या तरुणांना हा प्रश्न कॉलेजात, ऑफिसात आणि इतर प्रार्थनासभांना जाणाऱ्या नातेवाइकांकडून ऐकावा लागतो. दुसरीकडे, प्रभूची नव्याने ओळख झालेली काही कुटुंबे मिस्साला येऊ लागतात आणि तिसऱ्या-चौथ्या रविवारीच विचारतात, ‘फादर, आमचा सगळ्यांचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात होईल ना?’ तिसरा गट मात्र काहीच विचारत नाही. ती आपली पिढीजात कॅथोलिक घरे. बाळ रांगू लागते, चालू लागते, हॉल घेऊन पहिला वाढदिवस थाटात होतो. बाप्तिस्मा तेवढा राहिलेला असतो, कारण मामा दुबईहून मे महिन्यात येणार आहे!

म्हणजे आपल्याकडे उलटेच झाले आहे. जिथे लवकर करायचे तिथे आपण उशीर करतो आणि जिथे थांबायचे तिथे आपल्याला घाई होते. ख्रिस्तसभा या दोघांना दोन वेगळी उत्तरे का देते, याचा आज विचार करू या.

आठवा दिवस आणि तिसावे वर्ष

पहिली गोष्ट. योहानाचा बाप्तिस्मा हा पश्चात्तापाचा बाप्तिस्मा होता. येशूच्या ठायी पाप नव्हते. तो पाप्यांच्या रांगेत उभा राहिला तो आपल्यासाठी. आपला बाप्तिस्मा त्याहून वेगळा आहे. संत पौल रोमकरांस लिहितो की आपण ख्रिस्ताच्या मरणात आणि पुनरुत्थानात बुडविले गेलो आहोत. हा बाप्तिस्मा येशूच्या पुनरुत्थानानंतर, त्याच्या आज्ञेवरून सुरू झाला. म्हणून तीस हे वय आपल्यासाठी नियम होऊ शकत नाही. जे आपल्याला हा प्रश्न विचारतात तेही आपल्या माणसांना तिशीपर्यंत थांबवून ठेवीत नाहीत.

दुसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. तिसाव्या वर्षी यार्देनवर गेलेल्या याच येशूची आठव्या दिवशी सुंता झाली, त्याचे नाव ठेवले गेले, आणि पुढे त्याला मंदिरात देवाला अर्पण करण्यात आले. त्या वेळी त्याला कोणी विचारले होते का? पवित्र मारिया आणि संत योसेफ यांच्याजवळ जे सर्वांत मोलाचे होते, ते म्हणजे देवाचा करार, तेच त्यांनी आपल्या लेकराला दिले. पुढे तीस वर्षांनी तो स्वतःच्या पायांनी नदीवर गेला. आईवडिलांनी दिलेले आणि स्वतः स्वीकारलेले, दोन्ही एकाच आयुष्यात आहे. एकामुळे दुसरे खोटे ठरत नाही.

पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्राने लोकांना सांगितले की देवाचे वचन तुमच्यासाठी आहे आणि तुमच्या मुलाबाळांसाठीही आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात फिलिप्पैची व्यापारी स्त्री लुदिया आणि तिथल्या तुरुंगाचा अधिकारी यांनी आपापल्या घराण्यासह बाप्तिस्मा घेतल्याचे आपण वाचतो. करिंथमधील स्तेफनाच्या घराण्याला आपण बाप्तिस्मा दिल्याचे पौल स्वतः लिहितो. त्या घरांत तान्ही मुले होती असे पवित्र शास्त्र स्पष्ट शब्दांत सांगत नाही, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. पण एवढे मात्र दिसते की श्रद्धा एकट्या माणसाजवळ थांबत नव्हती, ती घराचा उंबरठा ओलांडून आत येत होती.

पुढे ढकललेला बाप्तिस्मा

पुढच्या काळात ख्रिस्ती लोकांतच बाप्तिस्मा पुढे ढकलण्याची चाल पडली. इ. स. २०० च्या सुमारास तर्तुलियन या लेखकाने लहान मुलांच्या बाबतीत थांबावे असा सल्ला दिला होता. चौथ्या शतकात तर अनेकांना वाटे की बाप्तिस्म्याने सर्व पापे धुतली जातात, तर मग तो शेवटीच घ्यावा. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३३७ मध्ये मरणाच्या दारात बाप्तिस्मा घेतला.

संत ऑगस्टिन लहानपणी खूप आजारी पडला. बाप्तिस्म्याची तयारी झाली, पण तो बरा झाला आणि बाप्तिस्मा लांबला. मोठेपणी तो या उशिराबद्दल हळहळतो. लोक म्हणत, करू द्या त्याला हवे ते, अजून बाप्तिस्मा कुठे झाला आहे! त्यावर ऑगस्टिन विचारतो की शरीराच्या बाबतीत असे कोणी म्हणते का? अजून औषध दिलेले नाही, तोवर होऊ द्या आणखी जखमा, असे कोणती आई म्हणेल?

अखेर इ. स. ३८७ च्या पास्काच्या रात्री मिलान शहरात संत अँब्रोजच्या हातून ऑगस्टिनचा बाप्तिस्मा झाला. त्याच रात्री त्याचा सुमारे पंधरा वर्षांचा मुलगा अदेओदातुस याचाही बाप्तिस्मा झाला. बाप आणि लेक एकाच पाण्यातून गेले.

आई आणि मुलगी

असेच एक दृश्य आपल्या मराठी माणसांच्या इतिहासातही आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. पती वारलेले, बरोबर लहानगी मनोरमा. वाँटेज या गावी अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच दिवशी मनोरमाचाही बाप्तिस्मा झाला. ती तेव्हा अडीच वर्षांचीही झाली नव्हती.

आता पाहा. आई संस्कृतची पंडिता. कोलकात्याच्या विद्वानांनी जिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली, तिने वाचून, वाद घालून, विचार करून निर्णय घेतला. मुलीला यातले काहीही कळत नव्हते. कोणाचा बाप्तिस्मा खरा आणि कोणाचा अपुरा? वरवर पाहता आपण म्हणू, आईचा खरा. पण रमाबाईंनीच १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत सांगितले आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला खरा, पण ख्रिस्ताची स्वतःशी भेट व्हायची राहूनच गेली होती.

बंधुभगिनींनो, या कबुलीत आपल्या प्रश्नाचे मर्म आहे. एवढी विद्वान स्त्री, पूर्ण जाणत्या वयात, स्वतःच्या मनाने पुढे आली, तरी ‘सगळे समजले’ असे तिला त्या दिवशी म्हणता आले नाही. मग समज पूर्ण झाल्यावरच बाप्तिस्मा द्यायचा म्हटले, तर तो आपल्यापैकी कोणाला मिळेल? मला नाही, तुम्हाला नाही. बाप्तिस्मा हे परीक्षा पास झाल्याचे प्रमाणपत्र नाही. देव आपल्याला आधी आपले लेकरू करतो, समज मागाहून वाढत जाते.

पण रमाबाईंची साक्ष आपल्याला एक इशाराही देते. पाणी डोक्यावर पडले म्हणजे काम संपले, असे नाही. मनोरमाच्या धर्मशिक्षणावरून रमाबाईंचे त्या भगिनींशी मतभेद झाले, आणि मुलीला काय व कसे शिकवावे याची आईची जबाबदारी त्यांनी दुसऱ्यावर टाकली नाही. पुढे हीच मनोरमा शारदा सदनात आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईचा उजवा हात झाली. १९२१ मध्ये, आईच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, ती वारली. अडीच वर्षांच्या वयात जे तिला न मागता मिळाले होते, ते तिने स्वतःच्या आयुष्याने आपलेसे केले. आईने दिले आणि आईने वाढवले, म्हणून हे झाले.

बाळाच्या स्वातंत्र्याचे काय?

काही सुशिक्षित पालक म्हणतात, ‘आम्ही मुलावर काही लादणार नाही. मोठा झाला की तो ठरवील.’ यामागचा हेतू चांगला आहे, पण विचार अपुरा आहे. बारशाला आपण बाळाची संमती घेत नाही. त्याच्याशी मराठीत बोलावे की आणखी कोणत्या भाषेत, हे ठरवायला अठरा वर्षे थांबत नाही. थांबलो तर ते स्वतंत्र होणार नाही, मुके राहील. भाषा मिळाली म्हणूनच पुढे तो आपल्याशी वादही घालू शकतो. माणसाचे स्वातंत्र्य रिकाम्या जागेत वाढत नाही. मिळालेल्या प्रेमातून, भाषेतून, घराच्या वळणातून ते वाढते.

म्हणून ख्रिस्तसभेचा कायदा सांगतो की आईवडिलांनी बाळाचा बाप्तिस्मा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत करून घ्यावा. महिने नव्हे, वर्षे तर नव्हेच. त्यासाठी केटरिंग लागत नाही, हॉल लागत नाही, परदेशातला मामाही लागत नाही. मामा आला की जेवण अवश्य करा, मीही येईन!

मात्र याच कायद्यात एक अटही आहे. बाळ कॅथोलिक श्रद्धेत वाढेल अशी खरी आशा असली पाहिजे. तशी आशा मुळीच नसेल, तर कारण समजावून सांगून धर्मगुरूने बाप्तिस्मा पुढे ढकलावा. हा नकार नाही, तयारीचे बोलावणे आहे. केवळ शाळेच्या प्रवेशासाठी दाखला हवा म्हणून बाप्तिस्मा मागितला जातो, तेव्हा आपण त्या बाळाला देवाचे लेकरू करीत नसतो, अर्जाला जोडायचा कागद करीत असतो.

मोठ्यांना आपण थांबा का म्हणतो?

आता नव्याने आलेल्या बंधुभगिनींशी बोलतो. तुमची ओढ पाहून आम्हा जुन्या लोकांना आनंद होतो आणि थोडी लाजही वाटते. तरीही आम्ही तुम्हाला थांबायला सांगतो. त्यात तुमच्यावर अविश्वास नाही.

आपल्या भागातील संत्र्याच्या बागा सर्वांना ठाऊक आहेत. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. तो केव्हाही भरून चालत नाही. खुंटात रस वाहत असतो, साल सहज सुटते, तेव्हाच डोळा धरतो. घाईने साल ओरबाडली तर डोळाही सुकतो आणि खुंटालाही जखम होते. तान्हे बाळ हे आईच्याच फांदीवरचे पान आहे. तिच्या रसावर ते जगते. प्रौढ माणूस मात्र वाढलेला खुंट आहे. त्याचा स्वतःचा ‘होय’ आतून यावा लागतो.

याचे उदाहरण आपल्या नागपूरशीच जोडलेले आहे. कवी नारायण वामन टिळक नागपुरात राहत होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना पवित्र शास्त्र वाचायला दिले. टिळकांनी उठून लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. ते वाचत राहिले, स्वतःशी झगडत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. ते प्रॉटेस्टंट मिशनमध्ये गेले, पण त्यांची गीते सर्व मराठी ख्रिस्ती लोकांची झाली.

आणि त्यांची पत्नी? लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या दिवसांचे दुःख लिहून ठेवले आहे. पतीच्या धर्मांतराने त्यांचे घर मोडले, मुलाला घेऊन त्या वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे परत आल्या त्याही आपले सोवळेओवळे सांभाळूनच. हळूहळू त्यांच्या मनातल्या जातीच्या भिंती पडल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. पतीच्या दिवशीच त्यांनाही ओढत पाण्यापाशी नेले असते, तर नोंदवहीत एक नाव वाढले असते, पण लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या.

म्हणूनच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रौढांसाठी जुनी दीक्षातयारी पुन्हा सुरू करायला सांगितले आणि १९७२ मध्ये तिचा विधी प्रसिद्ध झाला. आधी चौकशीचा व ओळखीचा काळ, मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार, शिक्षण आणि प्रार्थना, उपवासकाळाच्या आरंभी निवड, आणि पास्काच्या रात्री बाप्तिस्मा, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार. याच परिषदेने बजावले आहे की कोणालाही जबरदस्तीने किंवा आमिषाने श्रद्धेकडे आणू नये. आपल्या देशाच्या संविधानाने दिलेल्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचाही अर्थ हाच आहे. तुमच्यापुढे नातेवाईक आहेत, समाज आहे, मुलांची कागदपत्रे आणि सवलती यांचे प्रश्न आहेत. या सर्वांचा शांतपणे विचार करूनच ‘होय’ म्हणा.

आणि भिऊ नका. दीक्षार्थी म्हणून स्वीकार झाला त्या दिवसापासून तुम्ही ख्रिस्तसभेच्या घरचे झालात. बाप्तिस्म्याआधी मरण आले, तर बाप्तिस्म्याची ती इच्छा, पश्चात्ताप आणि प्रेम यांच्यासह, तारणासाठी पुरेशी आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दीक्षार्थ्याला ख्रिस्ती अंत्यविधीही मिळतो. देव तुमच्या दारात घड्याळ घेऊन उभा नाही.

नेहमी विचारले जाणारे काही प्रश्न

आईवडील तयारी करीत आहेत, मग मुलांचे काय? सात वर्षे पूर्ण झालेले, समज आलेले मूल बाप्तिस्म्याच्या बाबतीत मोठ्यांमध्ये धरले जाते. त्याला त्याच्या वयाला साजेसे शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्याची स्वतःची इच्छा विचारली गेली पाहिजे. नऊ वर्षांच्या मुलीला ‘चल, उद्या तुझा बाप्तिस्मा’ असे सांगून आणू नका. लहान भावंडांचा बाप्तिस्मा आईवडिलांबरोबर होऊ शकतो.

वडिलांची श्रद्धा आहे, आईची अजून नाही. आईवडिलांपैकी एकाची संमती असली तरी कायद्याने बाप्तिस्मा देता येतो. पण बाळाला मांडीवर घेऊन पहिली प्रार्थना शिकवते ती बहुधा आईच. तिच्या मागे, तिच्या अपरोक्ष काही करू नका. तिच्याशी बोला, तिला वेळ द्या, शक्यतो दोघे मिळून मला भेटा.

बाळ अत्यवस्थ असेल तर? एका क्षणाचाही उशीर नको. धर्मगुरू पोहोचू शकत नसेल तर आई, वडील, नर्स, कोणीही बाप्तिस्मा देऊ शकते. ख्रिस्तसभेला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू असावा, बाळाच्या डोक्यावर साधे पाणी ओतावे, आणि त्याच वेळी पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने आपण बाप्तिस्मा देत आहोत असे स्पष्ट उच्चारावे. मग धर्मग्रामात कळवून नोंद करावी. आपल्यातील अनेक भगिनी रुग्णालयांत काम करतात, त्यांनी हे पाठ ठेवावे.

बाप्तिस्म्याआधीच ज्यांचे बाळ गेले, त्या मातापित्यांना मी मुद्दाम सांगतो. तुमच्या बाळाला ख्रिस्तसभा देवाच्या दयेच्या हाती सोपविते. लेकरांना माझ्याकडे येऊ द्या असे म्हणणारा प्रभू त्यांना दूर लोटणार नाही. आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये या आशेला भक्कम कारणे आहेत असे सांगितले. स्वतःला दोष देत बसू नका.

दुसऱ्या सभेत पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का? नाही. पाण्याने आणि त्रैक्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा एकदाच होतो. आपणही इतर ख्रिस्ती बंधूंचा असा बाप्तिस्मा मान्य करतो, तो परत देत नाही. बाळपणी मिळालेली श्रद्धा आता जागी झाली असेल तर परत पाण्यात उतरण्याची गरज नाही. पापनिवेदनाला या, पवित्र शास्त्र उघडा, प्रभूला ‘होय’ म्हणा.

शेवटी एक गोष्ट

आपण विचारतो, बाप्तिस्मा केव्हा? ख्रिस्तसभा आपल्याला उलट विचारते, त्यानंतर कोण? रात्री बाळाच्या कपाळावर क्रूसाची खूण कोण करणार? रविवारी त्याला मिस्साला कोण आणणार? नव्या कुटुंबाला नाताळच्या दिवशी आपल्या ताटावर कोण बसवणार? धर्मपिता आणि धर्ममाता फोटोपुरते नसतात. ते किमान सोळा वर्षांचे, दृढीकरण झालेले, श्रद्धेने जगणारे असावेत ही अट त्यासाठीच आहे. जिथे ही माणसे आहेत तिथे बाळाचा बाप्तिस्मा आजच करा. जिथे माणूस स्वतः वाटेवर आहे, तिथे त्याच्याबरोबर चाला, त्याला पुढून ओढू नका.

या आठवड्यात एवढे करा. आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधून काढा आणि घरी सर्वांना सांगा. ज्यांच्या घरी बाप्तिस्मा राहिलेले बाळ आहे त्यांनी मिस्सानंतर ऑफिसात भेटावे. आणि प्रत्येक जुन्या कुटुंबाने मागच्या बाकावर बसणाऱ्या एका नव्या कुटुंबाशी ओळख करून घ्यावी.

हे प्रभो, यार्देनच्या पाण्यात तू आमच्या रांगेत उभा राहिलास. आमच्या बाळांना उशीर न करता तुझ्याकडे आणण्याची कळकळ आम्हांला दे, आणि जे तुझ्याकडे येत आहेत त्यांची वाट पाहण्याचा धीर दे. आमेन.

ख्रिस्तात आपला,
प्रमुख धर्मगुरू